उंटाच्या रक्तातील चिमुकले दूत

पावसाळा लागला, की उकव्याच्या आसमंतात सर्पदंशाच्या वार्ता कानी येऊ लागतात. रोवणीसाठी बांधीत उतरलेली बाई, सरपणाची मोळी उचलणारा वृद्ध, उकाड्यामुळे भुईवर चटई टाकून निजलेले मूल. साप काही माणसाचे वय पाहून दंश करीत नाही. दंश झालेल्यास वेळेवर रुग्णालयात पोहोचविले, तर डॉक्टर एका काचेच्या लहानशा बाटलीतील पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून ती सलाइनमधून त्याच्या शिरेत सोडतात. एकच नव्हे, अशा आठ-दहा बाटल्या प्रारंभीच द्याव्या लागतात. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. ज्या राज्यांवर ह्या मृत्यूंचा भार सर्वांत अधिक आहे, त्यांत आपल्या मध्य प्रदेशाचे नाव आहे.

ही पांढरी भुकटी येते कोठून, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ती घोड्याच्या रक्तापासून होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र घोडा नव्हे, उंट आहे. परंतु उंटाची थोरवी कळावयाची, तर आरंभ घोड्यापासूनच करावयास हवा.

आपल्या शरीरात एखादा परका पदार्थ शिरला, मग तो गोवराचा विषाणू असो की सापाचे विष असो, तर रक्तातील काही पांढऱ्या पेशी त्याचे जणू माप घेतात आणि त्या मापाबरहुकूम एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. चांभाराने एका पायाचे माप घेऊन शिवलेला जोडा जसा त्याच पायात नेमका बसतो, तसे हे प्रथिन त्या एकाच परक्या पदार्थाला जाऊन घट्ट चिकटते. ह्या प्रथिनास ‘प्रतिपिंड’ म्हणतात. डॉक्टर लोक ‘अँटिबॉडी’ म्हणतात ती हीच. घोड्याला सापाच्या विषाची अत्यल्प मात्रा टोचतात, ती क्रमाक्रमाने वाढवीत नेतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाविरुद्धची प्रतिपिंडे साठत जातात. मग थोडे रक्त काढून त्यातील द्रव वेगळा करावयाचा, शुद्ध करावयाचा, वाळवावयाचा, आणि बाटलीत भरावयाचा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार सापांच्या विषांवर मिळून हे एकच औषध चालते.

मराठी मुलुखात ह्या विद्येचे माहेरघर म्हणजे मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञास तेथे पाचारण करण्यात आले. त्याने प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली आणि १९२५ साली तिला त्याचे नाव देण्यात आले. पुढे तेथे सर्पविषावरील औषधही होऊ लागले. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतील वयस्क घोडे ह्याच कामासाठी हाफकिन संस्थेकडे जात. आपल्या घोड्यांपासून आपणच औषध का करू नये, हा विचार त्या घराण्यातील एका तरुणाच्या मनात आला आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज तिच्या लशी जगभर जातात. असो.

घोड्याच्या औषधाने असंख्य प्राण वाचविले, परंतु त्याच्या उणिवाही डॉक्टरांना पुरत्या ठाऊक आहेत. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीरास परके. म्हणून कित्येक रुग्णांच्या अंगावर पित्त उठते, कोणास धाप लागते, कोणाचा रक्तदाब एकाएकी उतरतो. शिवाय घोड्याच्या रक्तात केवळ विषाविरुद्धचीच प्रतिपिंडे नसतात. जन्मापासून ज्या ज्या जंतूंशी त्याची गाठ पडली, त्या सर्वांविरुद्धची प्रतिपिंडेही त्याच बाटलीत येतात आणि ती रुग्णाच्या काहीच उपयोगाची नसतात. तिसरी उणीव आकाराची. प्रतिपिंड हे प्रथिनांमध्ये बरेच अवजड. ते रक्तवाहिनीत सहज वाहते, पण रक्तवाहिनीबाहेरच्या मांसात सावकाश झिरपते. नागदंशाने प्राण वाचला तरी दंशाभोवतीचे मांस सडते आणि बोट वा पाय अधू होतो, त्याचे हेही एक कारण आहे.

आता उंटाकडे वळू. १९८९ च्या सुमारास बेल्जियम देशातील ब्रुसेल्स येथील एका विद्यापीठात रेमंड हॅमर्स नावाचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करण्याचा पाठ द्यावयाचा होता. माणसाचे रक्त हाताळावयास विद्यार्थी तयार नव्हते, कारण एड्सच्या भीतीचे ते दिवस होते. उंदीर मारावयाचेही त्यांच्या जिवावर आले. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत एका उंटाचे रक्त शिल्लक पडले होते. ते आफ्रिकेतील निद्रारोगाच्या अभ्यासासाठी आणलेले. तेच विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आले, असे सांगतात. विद्यार्थ्यांनी पाठ केला आणि कोणाचीही अपेक्षा नव्हती असे काही त्यांस आढळले.

माणसाचे, घोड्याचे, उंदराचे प्रतिपिंड चार साखळ्यांचे असते: दोन जड व दोन हलक्या. त्यांची मिळून गलोलीच्या दुबेळक्यासारखी आकृती होते आणि दुबेळक्याच्या दोन टोकांनी ते परक्या पदार्थास पकडते. उंटाच्या रक्तात अशी नेहमीची प्रतिपिंडे होतीच. परंतु त्यांच्या जोडीस दुसरीही एक जात होती. तिला हलक्या साखळ्या मुळीच नव्हत्या! केवळ दोन जड साखळ्यांवर तिचे काम यथास्थित चालले होते. प्रारंभी हा प्रयोगातील दोष वाटणे साहजिक होते, कारण पाठ्यपुस्तकांत असे काही लिहिलेले नव्हते. पुनःपुन्हा पडताळून पाहिल्यावर १९९३ साली ‘नेचर’ ह्या ख्यातनाम नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेतील लामा व अल्पाका हे उंटाचेच भाऊबंद. त्यांच्याही रक्तात हीच जात सापडते.

गंमत पुढेच आहे. ह्या साध्या प्रतिपिंडाचे केवळ टोक, म्हणजे पकड घेणारा तेवढाच तुकडा, कापून वेगळा केला, तरी तो एकटा आपले काम चोख बजावतो. नेहमीच्या प्रतिपिंडाचा भार शास्त्रज्ञांच्या मापाने सुमारे दीड लाख डाल्टन भरतो. ह्या तुकड्याचा अवघा १५ हजार, म्हणजे दशांश. त्याची लांबी एक मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या जेमतेम चौपट. माणसाच्या एका केसाच्या जाडीवर असे वीस-पंचवीस हजार तुकडे रांगेने मावतील. त्यास ‘नॅनोबॉडी’ असे नाव पडले आहे. आपण त्याला लघुप्रतिपिंड म्हणू.

लहान असण्यात एवढे कौतुक ते काय, असे कोणी विचारील. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत उतरणाऱ्यांस ते समजावून सांगावे लागणार नाही. अवजड यंत्र शाफ्टच्या तोंडाशी दिमाखाने उभे राहील. पण भूगर्भातील अरुंद फटीत काय दडले आहे, हे पाहावयास डोक्यावर दिवा बांधलेला सडपातळ माणूसच लागतो. सजीव पेशीची गोष्ट अशीच आहे. आपल्या देहातील प्रत्येक पेशी म्हणजे सहस्रावधी प्रकारच्या प्रथिनांनी गजबजलेले गाव. कोणी प्रथिन अन्न आणते, कोणी कचरा नेते, कोणी निरोप पोहोचविते, कोणी भिंती उभ्या करते. कर्करोग असो, क्षय असो, की सिकलसेल असो, ह्या गावात कोठे काय बिघडले हे कळल्यावाचून उपाय सुचत नाही.

पूर्वीपासून शास्त्रज्ञ प्रतिपिंडांस रंग लावून पेशीतील प्रथिने शोधीत आले आहेत. पण तगडे प्रतिपिंड सजीव पेशीच्या आवरणातून आत जात नाही. म्हणून आधी पेशी मारावयाची, रसायनाने ती ताठ करावयाची, तिच्या आवरणास भोके पाडावयाची आणि मग रंगीत प्रतिपिंड आत सोडावयाचे. दिसते ते सारे खरे, पण ते मेलेल्या गावाचे चित्र. बाजार कसा भरतो, हे बाजार उठल्यानंतर टाकलेल्या पालांवरून ओळखावे, तसा हा प्रकार. बरे, नेहमीचे प्रतिपिंड पेशीच्या आतच तयार करवावे म्हटले, तर तेही साधत नाही. त्याच्या चार साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींस जोडलेल्या असतात, आणि पेशीच्या अंतर्भागातील वातावरणात ते बंध नीट जुळतच नाहीत.

लघुप्रतिपिंड एकाच साखळीचे. त्याला जोडीदाराची गरज नाही, आणि त्यांतील पुष्कळशी ते बंध नसतानाही आपला आकार टिकवून धरतात. त्यामुळे शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. प्रतिपिंड बाहेरून आत घालण्याऐवजी ते घडविण्याची कृती, म्हणजे त्याचे जनुक, पेशीस देतात. पेशी ती कृती वाचून लघुप्रतिपिंड आपल्याच घरात घडविते. त्याच्या शेपटीस एक प्रकाशणारे प्रथिनही जोडून दिलेले असते. हे हिरवे प्रकाशणारे प्रथिन समुद्रातील एका जेलीफिशपासून मिळाले असून त्याच्या शोधाबद्दल व उपयोगाबद्दल तिघा शास्त्रज्ञांस २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा हा दिवा बांधलेला चिमुकला दूत पेशीत हिंडतो, आपल्या नेमक्या प्रथिनास जाऊन बिलगतो, आणि ते प्रथिन जेथे जेथे जाईल तेथे तेथे त्याचा उजेड दिसतो. जर्मनीतील म्युनिक येथे उलरिख रोथबाउअर, हाइनरिख लेओनहार्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ साली सजीव पेशींत हे प्रत्यक्ष करून दाखविले. पेशी मारावी लागली नाही. ती जगत राहिली आणि दुर्बिणीखाली आपला संसार दाखवीत राहिली.

दुसरा उपयोग ह्याहून विलक्षण. एखादी व्यक्ती घरात काय काम करते, हे ती चार दिवस परगावी गेली म्हणजे कळते. तद्वत् पेशीतील एखादे प्रथिन काढून घेतले आणि काय अडते ते पाहिले, तर त्याचे काम कळते. २०१२ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथील संशोधकांनी लघुप्रतिपिंडास पेशीच्या कचरा-मोडीच्या यंत्रणेशी जोडून दिले. ते नेमलेल्या प्रथिनास धरते आणि फरफटत मोडीत नेऊन घालते. फळमाशीच्या वाढत्या गर्भात त्यांनी हा प्रयोग केला. आम्हांस तर ही हिकमत गावातील एखाद्या खट्याळ पोराच्या बुद्धीतून निघाल्यासारखी वाटते. पण तिच्याने कामे मात्र मोठी होत आहेत.

अशी लघुप्रतिपिंडे मिळवितात कशी, हेही थोडक्यात सांगावयास हवे. उंटाला किंवा लामाला हवे ते प्रथिन काही आठवडे थोडथोडे टोचतात. मग थोडे रक्त घेतात. जनावर पुनश्च चरावयास मोकळे. रक्तातील पांढऱ्या पेशींतून प्रतिपिंडांच्या कोट्यवधी कृती काढून त्या जंतूंवर जगणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंत घालतात. प्रत्येक विषाणू आपल्या अंगावर एकेक निराळे लघुप्रतिपिंड मिरवू लागतो. नंतरचे काम धान पाखडण्यासारखे. हवे ते प्रथिन एका तबकडीवर चिकटवून त्यावर हे सारे विषाणू ओतावयाचे आणि धुऊन टाकावयाचे. ज्यांची पकड जुळली ते चिकटून राहतात, बाकीचे फोलकट वाहून जाते. असे दोन-तीन वेळा पाखडले, की अस्सल दाणे हाती येतात. ही विषाणूंची युक्ती काढून वाढविल्याबद्दल जॉर्ज स्मिथ व ग्रेगरी विंटर ह्यांस २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एकदा कृती हाती आली, की पुढे जनावराची गरज उरत नाही. साध्या जंतूंच्या वा यीस्टच्या पिंपात हवे तेवढे पीक काढावे.

ह्या साऱ्याचा आपल्या खेड्यांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्यासाठी कोकणात, रायगड जिल्ह्यातील महाडला जाऊ. तेथे डॉ. हिम्मतराव बावस्कर ह्यांनी १९७६ पासून विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार केले. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. डॉ. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून टिपणे केली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, आणि पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून पाहिली. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

ही गोळी करते काय? पेशीच्या आवरणावर अॅड्रेनॅलिनसाठी कुलपे बसविलेली असतात. अॅड्रेनॅलिनची किल्ली त्यांत शिरली, की आत हुकूम सुटतो. प्राझोसिन त्यांतील एका जातीच्या कुलपात अडसर घालते. दम्याच्या रुग्णाने ओढावयाचा पंप त्याच घराण्यातील दुसऱ्या एका कुलपावर काम करतो. तो ते उघडतो आणि श्वासनलिका सैल पडतात. परंतु किल्ली फिरल्यावर कुलपाच्या आत नेमके काय हलते, हे कोणी पाहिले नव्हते. अमेरिकेतील ब्रायन कोबिल्का ह्यांचा वर्षानुवर्षे तोच ध्यास होता. अडचण अशी, की उघडलेले कुलूप क्षणभरही स्थिर राहत नसे, आणि चित्र घ्यावयास तर ते स्थिर हवे. त्यांनी ब्रुसेल्सच्या यान स्टेयार्ट ह्यांची मदत घेतली. लामाच्या रक्तातून असे एक लघुप्रतिपिंड निघाले, की ज्याने ते कुलूप त्याच्या आतील साथीदार प्रथिनासह, लोहाराने सांडशीत लोखंड धरावे तसे, उघडलेल्या स्थितीत घट्ट धरून ठेवले. २०११ साली ते चित्र प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच वर्षी कोबिल्का व त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी फार मोठा वर्ग ह्याच जातीच्या कुलपांवर काम करतो. महाडच्या डॉक्टरांनी जे रुग्णाच्या नाडीवर ओळखले, त्याच्या अगदी शेजारचे दालन लामाच्या रक्ताने उजळले, असे म्हणावयास हरकत नाही.

संशोधनाची ही हत्यारे आता औषधांच्या रूपानेही येऊ लागली आहेत. शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होणाऱ्या एका दुर्मिळ रक्तविकारावर लघुप्रतिपिंडाचे पहिले औषध २०१८ साली युरोपात मान्य झाले. मुंबईतही ह्याच्या जवळचे काम झाले आहे. आय. आय. टी. मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय येथील संशोधकांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांच्या अंगावर प्रतिपिंडाचा एक घडविलेला लहान तुकडा बसवून, त्या रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याचा उपचार सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास शासनाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांनी त्याचे लोकार्पण केले. तो तुकडा उंटाचा नव्हे; तो नेहमीच्या प्रतिपिंडाच्या जड व हलक्या साखळ्यांची टोके एकत्र सांधून केलेला आहे. परंतु ह्याच पद्धतीच्या एका परदेशी उपचारात लामाची दोन लघुप्रतिपिंडे वापरतात.

आणि सर्पदंश? ऑक्टोबर २०२५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक वृत्तांत छापला. आफ्रिकेतील नाग, माम्बा इत्यादी १८ जातींच्या सापांचे विष एका अल्पाकास व एका लामास टोचून त्यांनी लघुप्रतिपिंडे मिळविली आणि त्यांतील अवघ्या आठांचे मिश्रण केले. उंदरांवरील प्रयोगांत ते १८ पैकी १७ सापांच्या विषांवर लागू पडले. लहान आकारामुळे ती मांसात लवकर झिरपतात, म्हणून दंशाच्या जागेची सडही कमी झाली. घोड्याच्या ज्या तीन उणिवा वर सांगितल्या, त्यांतील तिन्हींवर येथे उत्तर दिसते. आपल्या देशातही बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रात वाळवंटी फुरशाच्या विषावर उंटाच्या रक्तद्रवाचे प्रयोग झाले आहेत. शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजनाही जाहीर केली आहे.

तरी उतावीळ होण्याचे कारण नाही. आफ्रिकेचा नाग वेगळा, आपला वेगळा. शिवाय माम्बाच्या विषाची घडण एक आणि घोणशीच्या विषाची दुसरीच. घोणशीचे विष रक्त नासविते, त्यात नाना जातींची प्रथिने असतात, आणि मुलुखागणिक त्यांचे प्रमाणही बदलते. लघुप्रतिपिंडाचा जो गुण तोच त्याचा दोष: ते इतके लहान, की मूत्रपिंडे काही तासांतच त्याला शरीराबाहेर टाकतात, आणि दंशाच्या जागी साठलेले विष तर पुढेही अंगात उतरत राहते. म्हणून दोन-दोन, तीन-तीन तुकडे एकत्र सांधून त्यांस अधिक वेळ टिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. उंदरावरून माणसावर येण्यास चाचण्यांची काही वर्षे लागतातच. तोवर घोड्यांना सुट्टी नाही.